न्हाणीतलं भोक

दांडी नको. भोक बुजव म्हटलं की भोक बुजवायचं, सुरज, त्यावर स्टीलची दांडी ठोकायची नाही — दवाखान्यात असते तसली. पुरीएवढी चकती येते म्हणे तिच्या टोकाला, भोक झाकून जातं म्हणे. म्हणजे भोक दिसायचं नाही आणि दांडी दिसायची. दांडी दिसली की तुळशीदास विचारणार, आई, ही कशाला? काय सांगू लेकाला? सुरजला भोकाच्या मापाचा तुकडा कापता येत नाही म्हणून?

उद्या दुपारच्या गाडीने तो पालघरहून येतोय, त्याच्या आत मला ही भिंत कोरी पाहिजे. साऱ्या जामसरात प्लॅस्टिकचा संगमरवर पहिल्यांदा माझ्या न्हाणीला लागला, तोही तुझ्याच हातचा. वसईला चार वर्षं काम करून आलेला मोठा कारागीर. हो जायेगा आजी, लाइफटाइम आहे, म्हणालास. कोणाचं लाइफ ते नाही सांगितलंस — माझं अजून चालू आहे, तुझ्या पॅनलचं बघ.

भोक कसं पडलं, हे तिसऱ्यांदा विचारतोयस. तांब्या लागला. पितळेचा आहे, सुटला हातातून. तेव्हा चिंचोक्याएवढं होतं. आता रुपयाएवढं आहे, हो, मला दिसतं, कडेला काळं झालंय तेही दिसतं. ते मी केलं. विळा तापवून. मिट ते तोंड. माझं माहेर सूर्यमाळचं — तिकडे उन्हाळ्यात प्लॅस्टिकचा हंडा चिरला म्हणून कोणी टाकून देत नाही, पाणी काय पदरातून आणायचं? विळा चुलीत तापवायचा, जुन्या बादलीचा तुकडा चिरेवर धरायचा, वरून फिरवायचा. असे किती हंडे सांधले मी, एक गळला नाही. कोणी शिकवलं नाही. वाचायला तरी कोणी शिकवलं? तुळशीदासचं पहिलीचं फाटकं पुस्तक घेऊन बसले आणि शिकले. आता मला काय ठाऊक, तुझा संगमरवर आतून पोकळ! विळा टेकवला तो पापडात गेल्यासारखा आत गेला. हंड्याला निदान अंग असतं.

नवी पट्टी घालायची तर कोपऱ्यापासून सगळ्या उपसाव्या लागतील, एकीची जीभ दुसरीत अडकलेली — कळलं मला, एकदा सांगितलंस. म्हणून तर म्हणते, तुझ्याकडे उरलेला तुकडा असेल त्यातला घे. भोक चौकोनी कापून जळकं सगळं काढ, मागून आधाराला पट्टी चिकटव, पुढून बरोबर मापाचा तुकडा बसव, कडेने सिलिकॉन फिरव. रेघ मात्र जुळली पाहिजे. दर पट्टीला खाली तेच बगळ्याच्या मानेसारखं वळण आहे, बघ — सगळीकडे तोच बगळा, छापणाऱ्याला दुसरं काही सुचलेलं नाही. उभ्या माणसाला कळत नाही, खालून बघितलं की कळतं.

खालून म्हणजे खालून. फरशी पुसताना. — मी नाही पुसत? जानी पुसते? बरं बाबा, जानी पुसते, जानी तुझी सासू, तुझ्या घरात माझ्या फरशीची खबर माझ्याआधी पोचते. मग ऐक. तांब्याबरोबर मीही सुटले. झालं समाधान? मोडलं काही नाही, लगेच उठले. दहाची गाडी नुकतीच गेली होती, आणि बाराची गेली तेव्हा — ते असू दे.

हाक मारायची होती म्हणे. जानी भिंतीपलीकडे, एका हाकेत आली असती, उचललंही असतं, आणि संध्याकाळच्या आत तुळशीदासला फोन. शिमग्याला अंगणात घसरले तेव्हाच त्याने सांगून ठेवलंय, आई, आणखी एकदा पडलीस की घराला कुलूप, तू पालघरला. तिसरा मजला आहे त्याचा. सून चांगली आहे, हातात चहा आणून देते, टीव्हीसमोर बसवते, उठू देत नाही. आणि इथे लावणीला माणसं आली की बांधावर उभं राहून कोण ओरडणार, टीव्ही? म्हणून नाही मारली हाक. बादलीचा काठ धरला तर बादली अंगावर. भिंत धरायला गेले तर तुझा संगमरवर — धरायला काही म्हणता काही नाही रे त्याला, नुसता गुळगुळीत, बोटं सरकत खाली येतात...

असा बघू नकोस. फोन ठेव खिशात. आणि पिशवी कशाला उचललीस? दांडीशिवाय तुकडाही लावणार नाही — हे वसईला शिकलास की सासूकडून? जानीला मीच सांगितलं होतं, जावई गरीब स्वभावाचा दिसतो, देऊन टाक मुलगी. चुकलंच माझं.

ठेव ती पिशवी खाली. आधी तुकडा, नाहीतर चकतीच्या मागून पाणी मुरत राहील. स्क्रू या पापडात नको, मागच्या विटेत गेला पाहिजे. एवढ्या खाली टॉवेल कोण टांगतं असं तुळशीदासने विचारलं, तर म्हण, म्हातारीचं डोकं फिरलंय — ते तो लगेच मानेल. टॉवेलची दांडी आहे असं तूच सांगायचं त्याला, पण बसवताना टॉवेलचं नाही, माझं वजन धरून बसव.