सायमनदादा विचारत होते, माझी मुलगी कुठे आहे?

शांतावहिनी, दादांच्या दोघी बहिणी, पाड्यांवरून आलेली आमची माणसं, कारखान्यातले दादांचे सोबती, आणि समोर बसलेले चर्चचे पाळकसाहेब आणि पंच,

सलाम.

मला भाषण येत नाही. या सभागृहात मी कितीतरी वर्षांनी पाऊल ठेवलंय. एकेकाळी त्या कोपऱ्यात उभी राहून गायचे, दादांच्या शेजारी. आज तिथे रिकाम्या खुर्च्या आहेत आणि इकडे दादांचा हार घातलेला फोटो आहे. पण वहिनी म्हणाल्या, "रूथ, तूच बोल. बाकीचे गोड बोलतील." म्हणून उभी राहिले.

दारातच एका पंचांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "थोडक्यात बोल, आणि चांगलं बोल." साहेब, चांगलंच बोलणार आहे. थोडक्यात जमेल का, सांगता येत नाही.

सालवडला आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. दादा तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. आयुष्यभर त्या आवाजात काम केलेलं, त्यामुळे घरातसुद्धा मोठ्यानं बोलायचे. वहिनीला चहा मागितला की आमच्या घरात ऐकू यायचं. मीच कधी कधी भिंतीवर थाप मारून ओरडायचे, "दादा, माझाही ठेवा!" रविवारी उपासना झाली की सायकल काढून सातपाटीला जायचे, सुके बोंबील आणायचे आणि स्वतः चटणी करायचे. अख्खी चाळ शिंकायची. असा माणूस होता. भांडखोर नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण गेल्या काही वर्षांत या सभागृहात त्यांना भांडखोर म्हटलं गेलं.

भांडण कशाचं होतं? नवीन लोकांना माहीत नसेल, म्हणून सांगते.

दादा आणि वहिनींना एक मुलगी होती. एस्तेर. लहानपणीच तापानं गेली. पाम गावाच्या बाजूला आपल्या मंडळीची दफनभूमी आहे, एका म्हाताऱ्या शेतकरी भावानं दान दिलेली. तिथे तिला ठेवलं. उशाशी दादांनी चाफा लावला. दरवर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पहाटे आपण सगळे मेणबत्त्या घेऊन तिथे जायचो. आठवतंय ना? बुधीआजी पाड्यावरून टोपलीभर फुलं आणायची आणि प्रत्येक कबरीवर, ओळखीची असो नसो, दोन दोन ठेवायची.

मग एका वर्षी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की रस्ता खराब आहे, पहाटेची उपासना आता सभागृहातच होईल. सोयीसाठी. पुढच्या वर्षीही सोयीसाठी. आम्ही माना डोलावल्या. रस्ता खराब होताच. आपल्याकडे कुठला रस्ता चांगला आहे? कुणाला काही वाटलं नाही.

दादा आणि वहिनी मात्र सायकलवरून गेले. आणि तिथे पत्र्याचं कुंपण होतं. मोठं लोखंडी गेट. गेटवर वॉचमन. तो म्हणाला, "अंकल, इधर गोडाऊन है. रास्ता भूल गए क्या?"

पत्र्याच्या फटीतून दादांनी आत पाहिलं. निळी पिंपं. एकावर एक रचलेली, पार मागच्या भिंतीपर्यंत. चाफा दिसला नाही. क्रूस दिसले नाहीत.

पुढच्या रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना संपल्यावर दादा उभे राहिले. त्यांना माईक लागत नव्हता. म्हणाले, "पाळकसाहेब, माझी मुलगी कुठे आहे?"

पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, जागा तात्पुरती दिली आहे. मंडळीच्या कल्याणासाठी. कबरींना धक्का लागलेला नाही."

"मग मला आत नेऊन दाखवा."

"वेळ आली की दाखवू."

वेळ आली नाही. दादा दर रविवारी तेच विचारायचे. मग काय काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी उपदेश झाला, कुरकुर करणाऱ्यांवर. मग सूचना उपासनेच्या सुरुवातीलाच होऊ लागल्या, म्हणजे दादांची पाळी येईपर्यंत ऑर्गन सुरू. मग दादांना गायनातून काढलं. कारण काय, तर आवाज फार मोठा. जागा कुणी दिली, कुणाच्या सहीनं दिली, तिचं भाडं कुणाच्या हातात जातं, हे विचारलं की उत्तर एकच, "प्रार्थनेत राहा."

मी तेव्हाच सोडलं. दादांना म्हटलं, "तुम्हीही सोडा. बोईसरमध्ये मंडळ्या काय कमी आहेत? प्रत्येक गल्लीत एक आहे."

दादा म्हणाले, "आणि तिथले पंच कोण आहेत, तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग? इथले मला निदान माहीत आहेत." आणि हसले. मग म्हणाले, "रूथ, मी गेलो तर त्यांना बरंच आहे. विचारणारा एक कमी. आणि घरी एकट्यानं गाऊन मजा येत नाही गं."

पण त्यांना जड जात होतं. एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "मला आता तिथे प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की वाटतं, हे लोक आता काय करतायत ते बघावं. मग मी डोळे उघडेच ठेवतो. देवाशी बोलायचं सोडून पंचांकडे बघत बसतो." हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. भावांनो, बहिणींनो, जागा गेली ती गेली. पण एका माणसाची प्रार्थना गेली, ती कुणाच्या खात्यावर धरायची?

दादा आजारी पडले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना या मंचावरून नावं घेतात. दादांचं नाव कधी आलं नाही. वहिनी स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या. विसरले असतील? असेल. मी आता कुणाच्या विसरण्यावर विश्वास ठेवत नाही.

आणि दादा गेले. शुद्धीत असताना त्यांनी वहिनींना एवढंच सांगितलं होतं की मला एस्तेरजवळ ठेव.

पंचांनी पालघरला दफनाची व्यवस्था केली होती. तिथल्या मंडळीनं जागा दिली, त्यांचे उपकारच. टेम्पो निघाला. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मी मागे शवपेटीजवळ. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "पामच्या बाजूला घे."

ड्रायव्हर गडबडला. पाळकसाहेबांची गाडी पुढे होती. तो म्हणाला, "ते तर सरळ जातायत."

वहिनी म्हणाल्या, "मयत माझ्या घरची आहे. तू वळव."

टेम्पो वळला. मागच्या रिक्षा वळल्या, मोटारसायकली वळल्या. पाळकसाहेबांची गाडीही मागून आली. आम्ही पोचलो तर वॉचमन गेटला पाठ लावून उभा. "आज नहीं खुलेगा. सेठ का फोन आया है."

मला एक सांगा. वहिनींनी हे टेम्पोत ठरवलं. आम्हालाही माहीत नव्हतं. मग शेठला आमच्या आधी कुणी कळवलं?

पाळकसाहेब खाली उतरले. म्हणाले, "बहिणी, मृताच्या देहासमोर वाद शोभत नाही. पालघरला जाऊ."

तेव्हा बुधीआजी टेम्पोतून उतरली. तिला धरून उतरवावं लागतं. ती गेटसमोर मातीत बसली आणि म्हणाली, "तुमी जावा पालघरला. आमी नाय जात. आमचा सायमन हितंच ऱ्हायल."

तिच्या शेजारी वहिनी बसल्या. मग पाड्यावरच्या बायका. मग कारखान्यातले सोबती. त्यांतले बरेच हिंदू, सातपाटीचे, सालवडचे. त्यांचा या मंडळीशी काय संबंध? तेही बसले. आणि मग, एकेक करून, ते लोक बसले जे दर रविवारी दादा उभे राहिले की खाली बघायचे. काही पंचांच्या घरच्या बायकासुद्धा. उन्हात, पेटी मधे ठेवून.

शेठ आला. वहिनी उठल्या. त्यांना हिंदी धड येत नाही, मराठीतच बोलल्या. "साहेब, तुमच्या पिंपांखाली माझी मुलगी आहे. हे तुम्हाला सांगितलं होतं का?"

शेठनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. म्हणाला, "मुझे तो बोला था, खाली प्लॉट है."

पाळकसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत लांब गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

शेठनं गेट उघडायला लावलं. हमालांनी पिंपं हलवली. वहिनी भिंतीच्या कोपऱ्यापासून चालत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे जमिनीलगत कापलेलं चाफ्याचं खोड होतं. त्याच्या शेजारी खड्डा खणला. दादांना उतरवताना वहिनी खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "एस्तेर, बाबा आले गं."

हे झालं. हे मी पाहिलं.

आता बाहेर फ्लेक्स लागलाय. येताना वाचला असेल. दादांना श्रद्धांजली, आणि खाली, पाळकसाहेबांच्या अथक प्रयत्नांनी दफनभूमी खुली. फोटो दोघांचे आहेत. कुणाचा मोठा आहे, ते जाताना बघा.

बरेच जण मला विचारतात, आता तू परत येणार ना? की आम्हीही सोडावं? काय सांगू? दादांसारखं धैर्य माझ्यात नाही. आणि दादांना त्या धैर्याची किंमत काय पडली, तेही मी पाहिलंय. त्या दिवशी मातीत बसलेल्या लोकांबरोबर मी कधीही उपासनेला बसेन. या छपराखाली बसेन का, ते अजून ठरत नाही. ते माझ्यापेक्षा समोर बसलेल्यांवर जास्त अवलंबून आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. वहिनींनाही मी सांगितली नव्हती. काल संध्याकाळी मी फुलं घेऊन तिथे गेले होते. गेट बंद होतं. नवं कुलूप होतं, चकचकीत. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, शेठनं नाही लावलं. तुमच्याच चर्चवाल्यांनी लावलं.

किल्ली कुणाकडे आहे, मला माहीत नाही. या सभागृहात कुणाच्या तरी खिशात आहे, असा मला संशय आहे.

कार्यक्रमात आता शांतता पाळायची आहे. मी विनंती करते, ती इथे पाळू नका. सगळे उठा. बुधीआजीला रिक्षात बसवा. बाहेर टेम्पो उभा आहे, कारखान्यातल्या भावांनी आणलाय. आपण सगळे पामला जाऊ आणि त्या गेटसमोर उभं राहून शांतता पाळू. पाळकसाहेब, तुम्हीही चला. पंचांनो, तुम्हीही. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्यानं सोबत घ्यावी.

सायमनदादा, सलाम. आम्ही येतोय.