साहेबांना वर कसं आणायचं?

मतदानाचं विचारतोस ना? अरे, माझं डोकं अजून गरगरतंय.

मी हा असा व्हीलचेअरवर, आणि आमच्या धानोऱ्याच्या शाळेला उंच पायऱ्या. दर निवडणुकीत चौघं मला खुर्चीसकट उचलतात, कापसाचं गाठोडं उचलावं तसं. म्हणून या वेळी तक्रार टाकली, की मला उचलू नका, रॅम्प करा. तर निवडणूक कार्यालयातून फोन आला, "रॅम्पचं राहू द्या, आम्हीच घरी येतो मत घ्यायला."

मागितलं काय, मिळतंय काय!

ठरल्या दिवशी जीप आली. पोलीस उतरला, कॅमेरेवाला उतरला, आणि शेवटी मत घेणारे अधिकारी साहेब. पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबड्या. म्हणे, ड्युटी रद्दच होईना.

आमचा ओटा कमरेएवढा. साहेब खाली, मी वर.

"तुमच्याकडे रॅम्प नाही का हो?" साहेबांनी मलाच विचारलं.

आता तक्रार नक्की कोणाची चालली आहे, मला कळेना. म्हटलं, "मागे गोठ्याकडून उतार आहे, मी तिथूनच ये-जा करतो."

शेजारचा सुक्राम भडकला. "सायेबले का गोठामाईन आनतस? आम्ही चार जन उचली लेतस ना!"

साहेब दचकून मागे सरकले. "नको, नको! सगळ्यांसमोर असं उचलून नेलेलं बरं दिसतं का?"

"साहेब," मी ओट्यावरून म्हणालो, "तक्रारीत मी हेच लिहिलं होतं."