दुबईहून नाशिकपर्यंत

दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या शकुबाईंच्या कानांवर शेजारच्या मायलेकींचं बोलणं येत होतं.

"दुबईहून मुंबईला इमानाला किती येळ लागतो गं?"

"तीन तास. तार मिळताच निघालाय दादा. दुपारचं विमान आहे."

"अन् मुंबईहून नाशिक?"

"टॅक्सीनं पाच तास. कसाऱ्याच्या घाटात ट्रक आडवा नसला तर."

"एवढा समुद्र तीन तासांत, अन् एवढ्याशा वाटेला पाच?"

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "बाबांची धाप वाढलीय. सारखं मुलाला विचारतायत. कुणीतरी आत या."

"मी जाते."

"आई, काय सांगशील त्यांना?"

"घाट चढला म्हनून."

"अगं, विमान अजून मुंबईला उतरलं नाही!"

म्हातारी आत गेली. दार उघडंच राहिलं. शकुबाईंना तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, घाट चढला बरं का तो. आता थोडं थांबा."