बिल्यानाचं भाषण

बुधवारचा उपास, दूध-अंडं वर्ज्य, म्हणून मी बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या बेकरीत भोपळ्याच्या बनित्सासाठी, त्या पापुद्रेदार भाजलेल्या गुंडाळीसाठी, रांगेत उभी होते. पुढे दोन शेजारणी बोलत होत्या.

“झ्लातिना, तुझी बिल्याना शाळेत वाचनात पहिली आली म्हणे!”

“सुट्टीत चाळीस पुस्तकं, दोब्रिंकाकाकू! वाचनवही गच्च भरून दिली.”

“वहीत अक्षर तुझं दिसलं गं.”

“पोरीचा हात दुखतो हो.”

“आणि डोळे?”

“हळू बोला! उद्या वाचनोत्सवात तिला सगळ्या शाळेसमोर बोलायचंय. चुकली तर माझीच शोभा.”

“मग आज एखादं तरी वाचू दे की तिला.”

“काल बसली होती एक घेऊन. एकटीच खुदूखुदू हसत होती. काढूनच घेतलं मी! म्हटलं, आधी भाषण पाठ कर, ‘मला वाचन का आवडतं’.”