वेल्डरचा मॅनेजर

परक्या देशातल्या व्हिसा कचेरीत नंबर येईपर्यंत नामस्मरण करावं म्हणून मी डोळे मिटले, तर मागच्या बाकावर आपल्याच भाषेत काका-पुतण्याचं निरूपण रंगलं.

“काका, माझ्या अर्जावर ‘मॅनेजर’ लिहायची अवदसा तुम्हाला कुठून आठवली?”

“मग काय वेल्डर लिहायचं? तुझ्या बहिणीचं लग्न जमत आलंय. मुलाकडच्यांनी विचारलं, भाऊ परदेशात काय करतो, तर काय सांगू, ठिणग्या उडवतो?”

“त्यांना हवं ते सांगा! सरकारला कशाला? यांना वेल्डर हवेत. मॅनेजर इथं पैशाला पासरी मिळतात.”

“पण त्या शब्दाला मान असतो रे.”

“मान! शुक्रवारी माझा परवाना संपतोय. मग मानासकट विमानात बसवतील.”

“परवा तो साहेब नेमकं काय म्हणाला?”

“माझे हात बघितले नि म्हणाला, मॅनेजरच्या हातांवर भाजल्याचे इतके डाग कसे?”

“सांगायचं, स्वयंपाकाची आवड आहे.”

“धन्य आहे तुमची!”

“बरं, आता काय करणार?”

“वेल्डिंगचा खरा दाखला आणलाय. चूक कबूल करतो, हातापाया पडतो.”

तेवढ्यात पुतण्याचा नंबर पुकारला.

“चल, मी येतो बोलायला.”

“नको काका, तुम्ही इथंच बसा. आत मला खरं बोलायचंय.”

“बोल बाबा, बोल. पण त्यांनी तुला वेल्डर केलंच, तर घरी कळवू नकोस. तुझी बढती झाली म्हणून मी कालच सगळ्यांना सांगून बसलोय.”