डुकरिणीची ढेप

"जवारीनं नुसती चरबी चढली तिले, वाढ काहीच नाही," सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या. दाराआड भाकरी थापता थापता माझा हात थांबला. लग्नाला तीन महिने झाले होते आणि मीही निव्वळ ज्वारीवर होते. साऱ्या मुलखानं कापूस पेरल्यामुळे डाळ महागली होती, ती फक्त पुरुषांच्या ताटात पडे.

"मूर्तिजापूरच्या बाजारात इकून टाकू काय?" सासरे म्हणाले, तेव्हा कुठं कळलं की बोलणं आमच्या डुकरिणीचं चाललंय.

"थांबा जरा. जवसाची ढेप चारून पाहू."

महिन्याभरात डुकरीण हातभर वाढली. सासूबाई शेजारणींना ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, गुण सांगत बसल्या, तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आत्याबाई, मी बी अजून जवारीवरच हाय. मले ढेप नको, वरण चालते."