मालतीबाईंनी दिलेली साडी

तुम्ही हसाल, पण मला अजून राग येतो. फाळणीनंतर कलकत्त्याच्या शियालदा स्टेशनवर निर्वासितांची सेवा करणारे एक परदेशी ख्रिस्ती ब्रदर आमच्या बालीगंजच्या घरी साडी मागायला आले. तिथली एक बाई अंगावर धड वस्त्र नाही म्हणून दोन दिवस पाण्यालाही उठली नव्हती.

घरात चैत्रातलं हळदीकुंकू चाललेलं. शेजारच्या मालतीबाई लगबगीने जाऊन साडी घेऊन आल्या. ब्रदरांनी उलगडली, तर मधोमध टराटरा फाटलेली. मी लगेच ओळखली. आदल्या दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईने "हिच्यावर वाटीसुद्धा देणार नाही" म्हणून त्यांना परत केलेली तीच!

"अहो मालतीबाई, ही?"

"मग? त्यांना काय कुठे मिरवायचंय?"

ब्रदर शांतपणे बंगालीत म्हणाले, "मा, आज या सगळ्यांत तुम्ही ही नेसून बसा. कोणाला काही वाटलं नाही, तर मी घेऊन जातो."

आणि ती साडी त्यांनी मालतीबाईंपुढे ठेवली. मी आतून माझी नवी सुती तांताची साडी आणून ब्रदरांच्या हातात दिली. मालतीबाई कुंकूही न लावून घेता तरातरा निघाल्या. आणि जाताना ती फाटकी साडी आठवणीने उचलून घेऊन गेल्या हो!